लेडी रोंडा: पदवी मिळाली, कंपन्या मिळाल्या, सभागृहातली जागा मात्र नाही

ओसरी (मूळ धागा)

आठवीला सायमन कमिशन शिकवताना दरवर्षी लॉर्ड बर्कनहेडचं नाव येतं. भारतमंत्री. आयोगात एकही भारतीय नाही, आणि वर 'सगळ्यांना मान्य होईल अशी राज्यघटना तुम्हीच करून दाखवा' हे आव्हान. यंदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हा माणूस फक्त आपल्याशीच असा वागायचा का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून घरी येऊन शोधत बसले आणि १९२२ सालच्या एका दाव्यापाशी पोचले. दावा लावणारी बाई उमराव होती, कोळसा खाणींची मालकीण होती, आणि तिचा दावा बुडवण्यात पुढाकार होता तो याच बर्कनहेडचा. गेले दोन महिने मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचतेय. मराठीत तिच्यावर काही दिसलं नाही, म्हणून हा धागा.

मार्गारेट हेग थॉमस. जन्म १८८३. आईबापांची एकुलती एक. वडील डी. ए. थॉमस हे साउथ वेल्समधले मोठे खाणमालक आणि लिबरल पक्षाचे खासदार, वीसेक वर्षं मर्थर टिडफिलमधून निवडून येत होते. न्यूपोर्ट शहराजवळ लानवर्न नावाच्या गावी त्यांचा वाडा. मुलगी शाळेत हुशार, पण ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात दोन सत्रांतच कंटाळून परत आली. १९०८ मध्ये लग्न केलं आणि त्याच वर्षी बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या जहाल संघटनेत नाव घातलं. पुढे न्यूपोर्ट शाखेची ती चिटणीस झाली. पंतप्रधान अॅस्क्विथच्या मोटारीच्या पायरीवर तिनं उडी मारली होती. जून १९१३ मध्ये तिनं न्यूपोर्टच्या रिस्का रोडवरच्या पोस्टाच्या पेटीत पेट घेणारं रसायन टाकलं. दंड भरायला नकार दिला, अस्कच्या तुरुंगात गेली, अन्न सोडलं आणि पाच दिवसांत सुटली.

नवरा शिकारीत रमणारा, घराणं जुनं. बाईला तिथे करण्यासारखं काही नव्हतं. वडिलांनी तिला कार्डिफच्या कचेरीत बोलावलं, वर्षाला १००० पौंड पगारावर. त्या काळात खाणमालकाच्या मुलीनं गोदीतल्या कचेरीत कागदपत्रं चाळत बसणं हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. वडिलांनी तिला हिशेब शिकवले, करार वाचायला लावले, आणि आपल्या माघारी हिनेच हे बघायचं हे तेव्हाच ठरवून टाकलं. मला या बापाचं फार कौतुक वाटतं.

मग ७ मे १९१५. दोघं अमेरिकेहून 'लुसिटानिया' जहाजानं परत येत होती, सोबत वडिलांचा सेक्रेटरी. आयर्लंडचा किनारा दिसू लागलेला. दुपारचं जेवण आटोपून बापलेक लिफ्टमध्ये पाऊल टाकणार तोच दबका धडाका झाला. जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो. ती मागे सरली. लिफ्टमध्ये आधीच शिरलेली माणसं तिथेच अडकली. ती केबिनमध्ये धावली, स्वतःचा लाइफबेल्ट बांधला आणि वडिलांसाठी एक उचलला. वर आली तेव्हा गर्दीत वडील दिसेनात. अवघ्या १८ मिनिटांत जहाज बुडालं आणि जवळपास १२०० माणसं गेली. शुद्धीवर आली तेव्हा हातात एक अरुंद फळी होती, अंग थंडीनं बधिर झालेलं. नंतर एक वेताची खुर्ची पाण्यावर तरंगत तिच्या अंगाखाली आली आणि त्यावर ती टेकून राहिली. संध्याकाळी एका होडीनं तिला उचललं ते मेली समजूनच, आणि 'ब्लूबेल' नावाच्या मासेमारी बोटीवर आणून टाकलं. तिथे कुणाला तरी वाटलं, हिच्यात जीव आहे. क्वीन्सटाउनच्या धक्क्यावर वडील वाट बघत उभे होते. तिघंही वाचली.

वडील पुढे मंत्री झाले. १९१७ पासून अन्नपुरवठा त्यांच्याकडे होता, युद्धातलं रेशनिंग त्यांनी बसवलं. १९१६ मध्ये बॅरन आणि जून १९१८ मध्ये व्हायकाउंट रोंडा. ब्रिटनमधली वंशपरंपरागत पदवी बहुधा मुलालाच जाते, मुलगा नसेल तर संपते. थॉमसांना मुलगा नव्हता. त्यांनी आग्रह धरून पदवीच्या सनदेत खास तरतूद करून घेतली की माझ्यानंतर ही मुलीकडे जावी. पुढच्याच महिन्यात, ३ जुलैला ते गेले. मार्गारेट पस्तिसाव्या वर्षी व्हायकाउंटेस रोंडा झाली.

वडिलांच्या मागे तिच्याकडे २८ कंपन्यांची संचालकपदं आली. आयुष्यात एकूण ३३ कंपन्यांच्या मंडळांवर ती बसली. १९२६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ डायरेक्टर्सची पहिली स्त्री अध्यक्ष झाली. त्याआधी १९२० मध्ये 'टाइम अँड टाइड' हे साप्ताहिक काढलं, त्याचं संचालक मंडळ सगळं बायकांचं. १९२१ मध्ये 'सिक्स पॉइंट ग्रुप': विधवांना, एकट्या आयांना, शिक्षिकांना, सरकारी नोकरीतल्या बायकांना न्याय, अशा सहा नेमक्या मागण्या. मला ही पद्धत फार आवडली. गोलगोल भाषण नाही. सहा ओळी, आणि कोणता खासदार कशावर कसं मत देतो याची नोंद.

आता तो दावा. तेव्हा उमराव असणं म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात, जागा. राजाकडून बोलावणं यायचं आणि उमराव जाऊन बसायचा. तिला बोलावणं आलं नाही, कारण ती बाई. पण १९१९ मध्ये एक कायदा झाला होता. त्याचं पहिलंच कलम सांगतं की लिंग किंवा विवाह या कारणावरून कुणाही व्यक्तीला सार्वजनिक काम करण्यास अपात्र ठरवता येणार नाही. लॉर्ड्समध्ये बसणं हे सार्वजनिक काम नाही तर काय आहे? एवढाच तिचा प्रश्न. मार्च १९२२ मध्ये सभागृहाच्या विशेषाधिकार समितीनं तो मान्य केला. वर्तमानपत्रांत अभिनंदन छापून आलं. मग लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे तेव्हाचा सभागृहाचा अध्यक्ष, आपला बर्कनहेड (भारतमंत्री तो नंतर झाला), उठला. अहवाल परत पाठवायला लावला, समितीत आणखी बरेच लोक घातले, आणि मे महिन्यात त्याच समितीनं उलटा निकाल दिला. तिच्या बाजूनं हात वर झाले फक्त चार.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी एवढंच सांगितलं: नाही गं, फक्त आपल्याशी नाही.

कलमदान

ओसरीताई, उत्तम धागा. मी वकिली करतो म्हणून निकालाच्या युक्तिवादाबद्दल लिहितो, कारण गंमत वाटावी इतका तो तिरका आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

बर्कनहेडचं म्हणणं असं. 'अपात्रता काढली' म्हणजे ज्याला हक्क आहे पण काही आडवं आलंय, त्याचा अडसर काढला. या बाईला सभागृहात बसण्याचा हक्क मुळातच कधी नव्हता. जे नव्हतंच त्याचा अडसर कसा काढणार? शिवाय सभागृहाच्या रचनेत एवढा मोठा बदल असल्या मोघम शब्दांनी होत नाही, संसदेला तो करायचा असता तर स्पष्ट लिहिलं असतं.

दुसऱ्या मुद्द्यात थोडं वजन आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. १९१९ मध्येच मजूर पक्षानं एक विधेयक आणलं होतं, त्यात बायकांनी लॉर्ड्समध्ये बसावं हे सरळ लिहिलेलं होतं. ते लॉर्ड्सनी पाडलं आणि त्या जागी सरकारचं हे सौम्य विधेयक आलं. पण पहिला मुद्दा? हक्क नव्हता, कारण बाई होती. आणि बाई असणं ही अपात्रता नाही, कारण हक्कच नव्हता. गोल फिरून तिथेच. कायद्याच्या पहिल्या वर्गातल्या पोरालाही हे दिसावं.

त्याच १९१९ च्या कायद्यानं आपल्याकडच्या दोघींचं मात्र भलं झालं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली होती, त्याही समरव्हिलच्याच. बाई म्हणून त्यांना तीस वर्षं सनद नव्हती. या कायद्यानं वकिलीचं दार उघडलं आणि १९२० नंतर त्यांना बॅरिस्टर होता आलं. मुंबईच्या मिठान टाटा (पुढे लाम) १९२३ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या. एकच कलम, एकीला वकिलीचा काळा कोट देतं आणि दुसरीला दारातून परत पाठवतं.

वर्धाकाठ

लेख वाचला. मला एक गोष्ट खटकली, ती लिहितो. राग मानू नये ताई.

माझे बाबा वणी भागात कोळशाच्या भूमिगत खाणीत होते. तिसरी पाळी करून सकाळी घरी यायचे, अंघोळ झाली तरी पापण्यांच्या कडेला कोळसा राहायचा, काजळ घातल्यासारखा. त्यामुळे 'खाणींची मालकीण' हे शब्द माझ्याकडून सहज वाचून होत नाहीत.

डी. ए. थॉमस म्हणजे कॅम्ब्रियन कंबाइन, त्यांचा खाणकंपन्यांचा गट. १९१० चा टोनिपॅन्डीचा संप यांच्याच खाणींतला. ईली नावाच्या खाणीत नवा थर उघडला होता. मजुरी टनावर. थरात दगड जास्त असेल तर दिवसभर टिकाव मारूनही भरला जातो थोडाच. मजुरांनी त्या थरासाठी दर वाढवून मागितला. मालकांनी म्हटलं, तुम्ही मुद्दाम हळू काम करता. भांडण सत्तरेक जणांचं, आणि टाळं लागलं ते त्या खाणीतल्या सुमारे ९५० जणांना. पुढे कंबाइनच्या सगळ्या खाणी धरून १२,००० च्या आसपास माणसं बाहेर पडली. पोलीस आले, सैन्य आलं. चर्चिल तेव्हा गृहमंत्री होता, वेल्समध्ये ते अजून विसरलेले नाहीत. जवळपास वर्षभर उपाशी राहून माणसं सप्टेंबर १९११ मध्ये कामावर परत गेली आणि मागितलेला दर मिळाला नाहीच.

मुलीला वर्षाला १००० पौंड पगार मिळाला तो या कोळशातून. तुमच्या लेखात हे एका ओळीतही नाही.

ओसरी

वर्धाकाठदादा, राग कसला. ही चूक माझी आहे. मी तिच्या मागे इतकी ओढली गेले की खाणीत उतरलेच नाही. तुमचा प्रतिसाद मूळ धाग्याला जोडून वाचावा अशी सगळ्यांना विनंती.

माझं वाचून झालेलं मत सांगते. या एका बाबतीत ती आंधळी होती. वडिलांवर तिचं निस्सीम प्रेम, त्यांच्यावर तिनं पुस्तकही लिहिलं. टोनिपॅन्डीकडे ती शेवटपर्यंत कचेरीच्या खिडकीतूनच बघत राहिली. सहा मागण्यांच्या यादीत विधवा होत्या, शिक्षिका होत्या, खाणमजुराची बायको स्वतंत्रपणे कुठेच नव्हती.

तरी एक नोंदवावंसं वाटतं. पहिल्या महायुद्धानंतर साउथ वेल्सचा कोळसा झपाट्यानं बसला आणि तिचं उत्पन्नही त्याबरोबर गेलं. जे उरलं ते तिनं साप्ताहिकात घातलं. १९२६ पासून ती स्वतः संपादक होती, मरेपर्यंत. कोळशाचा पैसा शेवटी छापखान्यात जिरला. त्यानं मजुरांचं देणं फिटत नाही, हे मला कळतं.

ठिणगी

खूप उशिरा आले धाग्यावर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कोल्हापूरजवळ आमची छोटी फाउंड्री आहे. बाबा गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, भाऊ नाही. बाबांनी मला शाळेत असल्यापासून कारखान्यात न्यायला सुरुवात केली होती. भट्टीतून ओतलेल्या रसाचा रंग बघून तो गार पडायला लागलाय की नाही हे मी बारावीच्या आधी ओळखत होते. सगळं माझ्या नावावर झालं. कर्जही. आणि मग एका व्यावसायिक संघटनेच्या बैठकीला गेले. बाबा तिथे वीस वर्षं पदाधिकारी होते. दारात यादी घेऊन बसलेल्या गृहस्थांनी माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, "साहेब गाडी लावतायत का?" माझे मिस्टर शाळेत गणित शिकवतात, त्यांना कास्टिंग आणि फोर्जिंगमधला फरकही सांगता येत नाही. पण पुढच्या वर्षीचं निमंत्रण त्यांच्या नावानं आलं.

त्या दिवशी मी परत फिरले नाही. आत जाऊन पहिल्या रांगेत बसले. पण घरी आल्यावर रडले होते, ते आज हा धागा वाचताना पुन्हा आठवलं. वारसा म्हणजे फक्त सातबारा आणि शेअर नव्हे, बापाची खुर्चीही वारशातच येते. तिला ती हवी होती आणि तिनं ती मागितली, एवढं मला पुरे आहे. मी मागितली नव्हती, नुसती जाऊन बसले होते. या वर्षी निमंत्रण माझ्या नावानं आलंय.

नवखा२२

ठिणगीताई 🙏

ओसरी मॅडम, एक शंका. मग बायका हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये कधी गेल्या? आणि त्या काळात एखादा भारतीय उमराव तिथे होता का?

ओसरी

ठिणगी, तुझा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवू का? नाव न घेता. चालणार असेल तर सांग.

नवखा२२, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. होता. बंगालचे सत्येंद्र प्रसन्न सिन्हा १९१९ मध्ये बॅरन झाले, तेही वंशपरंपरागत. लॉर्ड्समध्ये बसले आणि माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा कायदा त्या सभागृहातून पार नेण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. म्हणजे १९१९ मध्ये गुलाम देशातला पुरुष तिथे बसला, आणि १९२२ मध्ये राज्यकर्त्या देशातल्या बाईला ते जमलं नाही.

आता पहिला प्रश्न. १९२२ नंतर लॉर्ड अॅस्टर दर काही वर्षांनी बायकांसाठी विधेयक आणत राहिले. त्यांची स्वतःची गोष्ट बघा. वडील वारल्यावर पदवी आली म्हणून त्यांना हाउस ऑफ कॉमन्सची जागा सोडून लॉर्ड्समध्ये जावं लागलं, आणि त्या रिकाम्या जागेवर त्यांची बायको नॅन्सी निवडून आली. कॉमन्समध्ये बसलेली ती पहिली स्त्री. १९२५ मध्ये अॅस्टरांचं विधेयक ८० विरुद्ध ७८ असं पडलं. दोन मतं!

पुढे तेहेतीस वर्षं गेली. ३० एप्रिल १९५८ ला तहहयात उमरावांचा कायदा झाला, त्यात बायकांना जागा होती. २० जुलै १९५८ ला लेडी रोंडा लंडनमध्ये गेली, पंचाहत्तर वर्षांची होऊन. २४ जुलैला पहिली यादी जाहीर झाली. चौदा नावं, त्यात चार बायका. त्या चौघींतली एक होती आयरीन, लेडी रेव्हन्सडेल. लॉर्ड कर्झनची थोरली मुलगी. हो, वंगभंगवाला कर्झन. हा गृहस्थ इंग्लंडात परतल्यावर बायकांना मत देऊ नये म्हणून चाललेल्या लीगचा अध्यक्ष होता. आयरीनला बापाची रेव्हन्सडेल पदवी वारशानं मिळालेली होती, तरी तिला आत जायला ही नवी, तहहयातची पदवी घ्यावी लागली, कारण वारशाच्या पदवीवर बायकांना प्रवेश १९६३ च्या कायद्यानंतरच मिळाला.

तोवर रोंडा ही पदवीच उरली नव्हती. तिला मूलबाळ नव्हतं. तिच्याबरोबर ती संपली.

कलमदान

चार दिवस. हे मला माहीत नव्हतं.

उस्कनदी

मी गेली नऊ वर्षं न्यूपोर्टमध्ये राहतो, मूळचा सांगलीचा. धागा वाचून अंगावर काटा आला, कारण यातली अर्धी ठिकाणं माझ्या रोजच्या वाटेवर आहेत.

आधी एक उच्चार. इथले लोक 'रोंडा' म्हणत नाहीत. वेल्शमध्ये दोन डी म्हणजे आपल्या 'द'च्या जवळचा आवाज, आणि सुरुवातीचा र थोडा श्वास सोडून. 'ऱ्होन्दा' याच्या जवळ जातं. ती दरी आहे, कोळशाची, टोनिपॅन्डी त्याच दरीत. म्हणजे वर्धाकाठकाका, तुम्ही म्हणता त्या मजुरांच्या दरीचं नावच या बापलेकीनं पदवी म्हणून वागवलं.

लानवर्नचा वाडा आता नाही, पाडला. पण 'लानवर्न' म्हटलं की इथे लोकांना वाडा आठवतच नाही, पोलादाचा कारखाना आठवतो. १९६२ मध्ये सुरू झाला. २००७ मध्ये टाटा स्टीलनं कोरस कंपनी घेतली तेव्हापासून तो टाटांचा. रेल्वेनं कार्डिफहून लंडनला जाताना न्यूपोर्ट सोडलं की उजव्या हाताला लांबच लांब शेड दिसतात, पहिल्यांदा तिथे टाटाचं नाव वाचलं तेव्हा मी घरी फोन करून सांगितलं होतं.

२०२४ मध्ये शहरात तिचा पुतळा बसला. ब्राँझचा, नदीवरच्या पादचारी पुलाजवळ. मी तिकडून रोज जातो, आणि खरं सांगायचं तर आजवर फक्त 'कुणीतरी मताधिकारवाली' एवढंच माहीत होतं.

रिस्का रोड माझ्या घरापासून पायी पंधरा मिनिटं. चढाचा रस्ता आहे. पोस्टाची पेटी लाल, भिंतीशी, बाजूला निळी पाटी. काल संध्याकाळी मुलीला घेऊन गेलो. ती सहा वर्षांची आहे, तिला पत्र टाकायचं होतं, म्हणून तिनं सांगलीच्या आजीला एक चित्र काढून ते पाकिटात घातलं होतं. पेटीचं तोंड उंच पडतं, उचलून धरावं लागलं. ओसरीताई, फोटो काढलाय, धाग्यात कसा चिकटवायचा ते सांगा.